ड्रॅगनला वाचता येत नाही

अधीक्षक साहेब, तुम्ही माझ्या बहिणीचा एक शब्द घेऊन बसला आहात. दोन महिने झाले. तो तुमचा नाही, तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि तो तुमच्याकडे आहे हे बहुधा तुम्हाला ठाऊकही नाही. म्हणून तर मला जास्त राग येतो. चोराला निदान आपण काय उचललं ते माहीत असतं.

या विषयावर तुमच्या रुग्णालयाला मी चार अर्ज दिले. चारही अर्जांत सविनय, कृपया, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी होतं. चारही वेळा "सविस्तर लिहा" असा शेरा मारून कागद परत आला. हा पाचवा. याच्यात सविनय नाही. सविस्तर आहे. घ्या.

मी पाणीपुरवठ्यात मीटर तपासनीस आहे. लोकांच्या जिन्याखाली, कुंड्यांमागे, मांजरीच्या पिल्लांच्या मधे वाकून आकडे टिपायचे, हे माझं काम. शाळा नववीत सुटली, पण अर्ज लिहिण्यात आमच्या इमारतीत माझा हात धरणारा कुणी नाही. गच्चीच्या गळतीपासून वरच्या मजल्यावरच्या पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत सगळं मीच लिहितो. पेन्शनर पस्तीस वर्षं कचेरीत होते. पण ते म्हणतात, "मी फक्त शेरे मारले हो. अर्ज लिहायची वेळ कधी आली नाही." माझा नियम एकच. अर्जात खोटं लिहायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा, साहेब. सगळा घात त्यानेच केला. गुन्हेगारांच्या यादीत तो पहिला आणि तुम्ही दुसरे.

आता ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मधल्या खोलीत राहते. बस स्थानकावर एकतीस वर्षं घोषणा करायची. कोणती गाडी, कोणत्या फलाटावर, किती उशिरा. एका काचेच्या खोक्यात टेबलपंख्यासमोर बसून. सगळ्या शहराला तिचा आवाज माहीत, चेहरा कुणालाच नाही. भाजीबाजारात ती "अर्धा किलो टोमॅटो" म्हणाली, की शेजारी उभी असलेली माणसं आपोआप पिशव्या उचलून दोन पावलं पुढे सरकायची. मी स्वतः पाहिलंय.

ती निवृत्त व्हायच्या आधी स्थानकावर मशीन आलं. साहेबलोकांनी सांगितलं, बाई, सगळ्या गावांची नावं आणि सगळे आकडे एकदा बोलून ठेवा, म्हणजे तुमचाच आवाज कायम राहील. ताईने नाही म्हणून सांगितलं. "गाडी उशिरा आली तर मशीनला लाज वाटेल का?" आता तिथे दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज आहे. ती बाई दीड तासाचा उशीर अशी सांगते, जणू लग्नाचं आमंत्रण देते आहे.

निवृत्तीनंतर ताईला एक खेळ सापडला. तो समजावून सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि तुमच्या खिडकीवर तो मी सहा वेळा समजावून सांगितलेला असल्यामुळे आता मला चांगला सरावही झालाय. दर शनिवारी चार वाजता शिंपीणबाईंच्या दुकानामागच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलाभोवती चार माणसं बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी काय करायचं ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बस. जुगार नाही, पत्ते नाहीत. माझ्या बायकोला पहिलं वर्षभर पत्तेच वाटत होते.

गोष्ट सांगतो तो निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या. आता तो नसलेल्या देशाचे नकाशे काढतो, तेही प्रमाणशीर. नसलेल्या डोंगरांच्या नसलेल्या उतारावरचे बांधसुद्धा चुकवत नाही. शिंपीणबाई त्या देशात तलवारबाज आहेत. कोपऱ्यावरचा औषधवाला चोर आहे. दिवसभर "चिठ्ठीशिवाय गोळी मिळणार नाही" म्हणून म्हणून त्याला आठवड्यातून एकदा कायदा मोडल्याशिवाय झोप येत नाही. आणि ताई जादूगारीण. मंत्र मोठ्यानं म्हणते. औषधवाला सांगतो, तिने पहिल्यांदा वादळाला थांब म्हटलं तेव्हा बाहेर रस्त्यावरचा सायकलवाला थांबला.

या खेळात पायऱ्या असतात. नवव्या पायरीला जादूगाराला सोबती म्हणून एक ड्रॅगन मिळतो. आधी अंडं मिळतं. कोणत्या जातीचा हवा ते निवडायचं, आणि मग त्याचं नाव मोठ्यानं उच्चारायचं, एकदाच. ते ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं, अशा साक्षीदाराने टेबलाशी बसून ते पुन्हा सांगायचं. तेव्हा अंडं फुटतं. हा नियम मोजणीदाराने स्वतः घातलेला. हद्दीचा दगड रोवला की शेजारच्याने "हो, इथेच" असं तोंडाने म्हणावं लागतं, नाहीतर तो दगड नुसता दगडच राहतो, असं त्याचं म्हणणं. लिहून दिलेलं नाव चालत नाही. मी विचारलं, का चालत नाही? मी अर्जाचा माणूस, मला ते लागलं. मोजणीदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "ड्रॅगनला वाचता येत नाही."

नववी पायरी गाठायला ताईला चार वर्षं लागली. त्या शनिवारी ती घरी आली ती जिन्यातच ओरडत आली, "मिळाला!" आवाज बसलेला होता, तीनचार महिने बसलेलाच होता. शिंपीणबाईंनी तिला कोटाचं एक मोठं राखाडी बटण दिलं होतं. ते अंडं.

सोमवारी तुमच्या डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल म्हणून सांगितलं. एका कागदाच्या पाठीवर त्यांनी चित्र काढून दाखवलं. चांगला माणूस. चित्र वाईट होतं. ताईने एकच विचारलं, "नंतर?" डॉक्टर म्हणाले, "जगाल. बोलता येणार नाही. तोवर आवाज जपून वापरा."

"किती?"

"म्हणजे?"

"दिवसाला किती वाक्यं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "वीस." मला खात्री आहे, तो आकडा त्यांनी त्या क्षणी बनवला. पण ताईला एकदा वेळापत्रक दिलं की संपलं. त्या दिवसापासून ती बोटांवर वाक्यं मोजायला लागली. शस्त्रक्रिया पुढच्या पुढच्या गुरुवारी ठरली आणि तपासण्यांसाठी तिला आधीच तुमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं.

तिथे पहिल्या दिवशी तिने माझ्या हातात मोजणीदाराची वही दिली. बेचाळीस जातींचे ड्रॅगन, प्रत्येकाचं चित्र, वजन, पंखांची लांबी, स्वभाव. "तू वाच. यादी कर. बुधवारी सगळे इथे येतील, त्यांच्यासमोर नाव घेईन." तीन वाक्यं. सतरा उरली.

आता बघा, साहेब, काम साधं होतं. बहिणीला ड्रॅगन निवडून द्यायचा. पण मी गाढवपणा केला आणि ती वही जिन्यात उघडली.

समोरच्या काकू आधी आल्या. "आग ओकणारा नको रे बाबा. आत्ताच रंग काढलाय."

"काकू, तो खरा नाही."

"खरा नसला म्हणून काय झालं? सवयी तर त्याच ना?"

पेन्शनर वरून उतरले. त्यांचं मत सोनेरी. "सोनेरीला मान असतो. लाल म्हणजे नुसती आरडाओरड. आमच्या खात्यात एक होता लाल."

"ड्रॅगन?"

"हेडक्लार्क."

विमा एजंट तळमजल्यावर राहतो. त्याने वही हातात घेतली, चित्र बघितलंच नाही. "आयुष्य किती?"

"नऊशे वर्षं."

"आणि ताई साठीच्या. मग पुढे वारस कोण लावणार? तुम्ही विचार करत नाही पुढचा."

साहेब, त्या वेळी मी याच्यावरसुद्धा विचार केला. घरी जाऊन बायकोला विचारलं, समजा लावायचाच झाला, तर ड्रॅगनला वारस म्हणून मी चालेन का? ती दूध तापवत होती. म्हणाली, "तुमच्या बहिणीचा गळा कापणार आहेत गुरुवारी." मग दोघंही दुधाकडे बघत उभे राहिलो. ते उतू गेलं.

खरं सांगायचं तर त्या यादीने मला वाचवलं. आठ दिवस मी गुरुवारचा विचार केला नाही. मोठ्या कागदावर रकाने पाडले. रंग, श्वास, उड्डाण, स्वभाव, शेरा. मीटर वाचता वाचता लोकांना विचारायचो. एका बाईंनी बर्फाचा श्वास टाकणारा सुचवला, त्यांचा फ्रिज बिघडला होता. एका गृहस्थांनी मला दारातून घालवून दिलं आणि आमच्या कचेरीत तक्रार केली, की तुमचा माणूस पाण्याच्या वापराऐवजी भलतंच काही विचारतो. आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं. अठरा वर्षांत माझ्या नावावर पहिली तक्रार, तीही ड्रॅगनची. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि मनात म्हणत होतो, निळ्याचं उड्डाण चांगलं आहे पण स्वभाव तापट.

बेचाळिसांतले एकोणचाळीस मी वहीतच पेन्सिलीने खोडले. सगळ्यात शेवटी एक राखाडी होता. मांजराएवढा, पंख तोकडे, आग नाही, बर्फ नाही, लढाईत पाठीमागे लपतो. गुण एकच लिहिला होता. मालकिणीने मारलेली पहिली हाक तो तिच्याच आवाजात जन्मभर सांभाळतो. मी त्याच्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, "निरुपयोगी".

उरले तीन. सोनेरी, निळा, आणि नदीत राहणारा एक हिरवा.

इकडे बुधवारची परवानगी काढायची होती. तुमच्याकडे एका खाटेशी एका वेळी दोनच माणसं. आम्हाला हवी होती चार, दोन तास. त्यासाठी अर्ज. अर्जात रकाना, "भेटीचा उद्देश". बायको म्हणाली, "नातेवाईकांची भेट, एवढंच लिहा."

"मोजणीदार नातेवाईक नाही."

"मग लांबचे चुलते लिहा. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"तुम्ही ना," ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. बोलायला हवं होतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "भगिनीसाठी ड्रॅगन निवडणे व तिने त्याचे नाव सर्वांसमक्ष उच्चारणे." आणि मला, लाज वाटते सांगायला, ते वाक्य आवडलं.

खिडकी क्रमांक चार. तिथे चष्म्याला दोरी बांधलेल्या बाई बसतात. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"प्राणी आत आणता येत नाही."

"प्राणी नाही. काल्पनिक आहे."

"काल्पनिकचा रकाना नाही."

"म्हणूनच मी लिहून दिलंय."

"तुम्हीच लिहिलंय ना ड्रॅगन? मग प्राणी-पक्षी प्रवेशाचा फॉर्म भरा. मागे एकांचा पोपट होता तेव्हा काढलाय आम्ही. लसीकरणाचा दाखला जोडा."

"बाई, तो अजून अंड्यात आहे."

त्यांचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं! अंडं म्हणजे खाद्यपदार्थ. तळमजला, स्वयंपाकघर विभाग."

मी गेलो. हो, गेलो! रांगेत उभं राहिलेल्या माणसाला पाठीमागून ढकललं की तो पुढेच जातो. स्वयंपाकघरात एक घामाघूम गृहस्थ मोठ्या पातेल्यात वरण ढवळत होते. कागद न वाचता म्हणाले, "उकडलेलं आहे का?"

"नाही."

"कच्चं वॉर्डात चालत नाही."

मी बटण काढून दाखवलं. ताईने ते माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि कागदावर लिहिलं, "खाद्यपदार्थ नाही. सही." तो कागद घेऊन पुन्हा खिडकी चार. बाई म्हणाल्या, "खाद्यपदार्थ नाही म्हणजे प्राणीच." त्यात तर्क होता, साहेब. तुमच्या कार्यालयात तर्काची कमतरता मला कधीच जाणवली नाही.

हे सगळं होईपर्यंत सोमवार उजाडला. संध्याकाळी भेटीच्या वेळेत ताईकडे गेलो. ती उशीला टेकून बसली होती, मी परत आणून दिलेली वही मांडीवर. पाच वाक्यं शिल्लक, तिने बोटांनी दाखवलं. दिवसभर डॉक्टर काहीबाही विचारून जात.

"परवानगी?" तिने विचारलं.

"प्रक्रियेत आहे."

ती खरखरीत आवाजात म्हणाली, "गाडी प्रक्रियेत नसते. फलाटावर असते, नाहीतर नसते."

मी म्हटलं, "ताई, उद्या सकाळी जनावरांच्या डॉक्टरकडून एक दाखला आणला की झालं. बुधवारी सगळे येतील. तू फक्त तीनांतला कोणता ते सांग."

तिने वही मिटली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. लहानपणी मी परीक्षेत नापास होऊन आलो की बघायची तसं. मग म्हणाली, "खिडकी लावून जा. वारा येतो."

मी खिडकी लावली आणि गेलो. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. खिडकी लावून जा.

मंगळवारी सकाळी आठला मी जनावरांच्या दवाखान्यात रांगेत होतो. माझ्यापुढे एक बकरी, मागे कान बांधलेला कुत्रा. भिंतीवर पाटी, "फोन बंद ठेवा, जनावरं बुजतात". मी पाटी पाळणारा माणूस. फोन बंद केला. माझ्या हातात जनावर नाही हे पाहून बकरीवाल्याने विचारलं, "तुमचं घरीच का?" मी म्हटलं, "अंड्यात आहे." त्याने समजुतीने मान हलवली. "कोंबड्यांचं असंच असतं."

डॉक्टर म्हातारे होते. सगळं वाचलं. खिडकी क्रमांक चार, स्वयंपाकघर, बटण, सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. दाखल्यावर लिहिलं, "प्राणी तपासणीस हजर नाही. माणसास बाधेल असा कोणताही रोग आढळला नाही." सही केली, शिक्का मारला. मग पेन बंद करत विचारलं, "तुमच्या बहिणीला कुठला हवाय?"

"तीन निवडलेत मी. सोनेरी..."

"तुम्ही नाही हो. त्यांना कुठला हवाय?"

तीनांतला कोणता, हे मी विचारलं होतं. बेचाळिसांतला कोणता, हे मी तिला आठ दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. बर्फवाल्या बाईंना विचारलं, पेन्शनरांना विचारलं, विमा एजंटाला विचारलं.

बाहेर येऊन फोन चालू केला. बायकोचे अकरा मिस्ड कॉल.

काय झालं ते तुम्हाला माहीत असणार, तुमच्याच सहीने झालं. गुरुवारच्या आधीच्या एका रुग्णाला ताप आला, मंगळवारची वेळ मोकळी झाली. डॉक्टरांनी ठरवलं, थांबण्यात अर्थ नाही. ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साडेआठला घरी फोन केला. बायको मिळेल त्या वाहनाने धावली, पोचली तेव्हा खाट रिकामी होती. मी पोचलो तेव्हा माझ्या हातात, रोग आढळला नाही, असा शिक्क्याचा दाखला होता.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तेही लिहितो, कारण अर्जात खोटं लिहायचं नाही.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तुमचं पत्र आलं. "एका ड्रॅगनास बुधवारी चार ते सहा या वेळेत, पट्टा बांधून, प्रवेशास परवानगी देण्यात येत आहे." ते पत्र मी जपून ठेवलंय. चार माणसांचा त्यात उल्लेख नाही.

ताई शुद्धीवर आल्यावर तिच्या हातात पांढरी पाटी आणि जाड पेन दिलं. बायकोने नर्सना विचारलं, जाताना घाबरल्या होत्या का? त्या म्हणाल्या, "नाही हो. लिफ्टपाशी अधीक्षक साहेब भेटले ना, त्यांची बाही धरली त्यांनी. काहीतरी म्हणाल्या. एकच शब्द. साहेब म्हणाले, बरं बरं, बघतो."

मी विचारलं, "कोणता शब्द?"

"मी लिफ्टचं बटण दाबून धरलं होतं. दार खडखडत होतं. मला नाही ऐकू आलं. पण साहेब अगदी जवळ होते."

मी ताईकडे बघितलं. तिने पाटीवर लिहिलं, "ज्यांच्या परवानगीसाठी थांबलो होतो, तेच समोर आले. म्हटलं, यांनाच साक्षीदार करू."

मग तिने वही उघडून दाखवली. शेवटचं पान. राखाडी. माझी काट खोडरबराने पुसलेली होती, "निरुपयोगी" पुसलेलं होतं. पुसताना कागद थोडा फाटला होता. बाजूला बरोबरची खूण.

साहेब, मी तिला म्हटलं, लिही ना नाव. इथे लिही. मी सांगतो मोजणीदाराला. मी सांगेन की मी ऐकलं. हो, मी. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला मी तयार होतो. तिने पेनाला टोपण लावलं.

महिन्याभराने ती शनिवारी दुकानात जायला लागली. मी पोचवायला जातो, तिथेच बसतो. मोजणीदार बिचारा पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, नियम माझा आहे. मी बदलतो. लिहून द्या, नाहीतर टाळ्या वाजवा, काय वाटेल ते करा." शिंपीणबाई डोळ्यांना कापड लावून बसल्या होत्या, मापाच्या कपड्याला डाग पडला. ताईने लिहिलं, "सुटलेल्या गाडीची घोषणा दुसऱ्यांदा होत नाही. नाव घेऊन झालंय. साक्षीदार बोलवा."

तेव्हापासून खेळ तिथेच थांबलाय. औषधवाला चोरी करत नाही. फासा डबीत आहे. टेबलाच्या मधोमध नकाशावर ते राखाडी बटण ठेवलेलं असतं आणि चौघं त्याच्याकडे बघत चहा पितात. औषधवाला एकदा म्हणाला, "ताई, निदान किती अक्षरी आहे ते तरी." ताईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने आपली बशी उचलून धुवायला नेली.

तुमच्या दालनाबाहेर मी पाच वेळा बसलो. तुमचे स्वीय सहायक विचारतात, "विषय काय लिहू?"

"एक शब्द."

"कोणता?"

"तोच विचारायचाय."

"विषयाशिवाय भेट मिळत नाही. सविस्तर लिहा."

लिहिलं. आता तुम्ही आठवा. मंगळवार, पावणेनऊच्या सुमारास, तिसरा मजला, लिफ्टचं दार. स्ट्रेचरवर एक बाई, केसांवर हिरवी टोपी, चष्मा काढलेला. एकतीस वर्षं या शहराला गाड्या सांगितलेला आवाज, त्या दिवसापुरता एका शब्दाला पुरेल एवढा उरलेला. तो तिने मला दिला नाही. मी रांगेत होतो. तुम्हाला दिला. तुम्ही "बरं बरं, बघतो" म्हणालात. बघायचं नव्हतं, साहेब, ऐकायचं होतं.

मी जन्मभर प्रत्येक कचेरीला एकच सांगत आलो, लेखी द्या. तुम्हाला उलटं सांगतो. लिहून पाठवू नका, ते चालणार नाही. शनिवारी चार वाजता, शिंपीणबाईंच्या दुकानामागची खोली. पाचवी खुर्ची मांडलेली आहे. परवानगी लागत नाही, उद्देश विचारत नाहीत. या, बटणासमोर बसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगा.

काय म्हणाली ती?